वडील वारले, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. फेरफार, वारस नोंद, हक्कसोड यांचा नेमका अर्थ काय?

हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा सोडला असं लिहून देणं, तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका. बाकीचं मग.

फेरफार म्हणजे गाव नमुना 6 (पटवाऱ्याकडची बदलांची नोंदवही) मधली नोंद, तिच्यावरून सातबाऱ्यावरची नावं बदलतात. नाव चढलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि चढायचं राहिलं म्हणून हिस्सा जात नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. आमच्या मोठेबाबांना (बाबांचे मोठे भाऊ) हे आजही पटत नाही. त्यांचं एकच, "सातबारा ज्याचा, वावर त्याचं."

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू. बाबांची तेरवी झाली आणि भावानं पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा, म्हणजे बाबांच्या जागी वारसांची नावं लावायचा, अर्ज दिला. त्यात आई आणि तो. आम्ही बहिणी गायब. गावातल्या एका पोरानं चावडीवरच्या नोटिशीचा फोटो पाठवला म्हणून कळलं. हरकतीला 15 दिवस असतात. मी लेखी हरकत दिली, पोच घेतली (पोच घ्याच). मग भाऊ म्हणे, "ताई, तुह्या लग्नाले इतका खर्च केला, आता वावर काहून पायजे तुले?" मोठेबाबा तर हक्कसोडाचा नोटरी केलेला स्टॅम्पच घेऊन आले. म्हणे साधा कागद आहे. साधा होता तर माझ्या सहीसाठी एवढी धावपळ कशाला? आणि नोटरीनं जमिनीतला हक्क सुटत नाही. नोंदणी कायदा 1908, कलम 17: हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. शेवटी मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होऊन आमची नावं लागली.

लग्नाच्या खर्चाचा वारसाहक्काशी काही संबंध नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी आहे. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. मोठेबाबांना तो निकाल छापून दिलाय. त्यांना स्वतःला मुलीच आहेत, तेव्हा कधीतरी वाचतील.

मनापासून द्यायचं असेल तर खुशाल द्या, माझ्या धाकटीनं दिलं. फक्त कोणाच्या नावे सोडताय ते बघा, आईच्या की एकट्या भावाच्या. नोंदणी झाल्यावर मागे फिरायचं तर दिवाणी कोर्टात फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं.

आणि हो, जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल व मृत्युपत्र केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आदिवासी कुटुंब असेल तर हिंदू वारसा कायदा सहसा लागतच नाही, तेव्हा आधी वकिलाला विचारा.