पारा कमी, तरी जीव कासावीस

प्रश्न : काही वर्षांपूर्वी ४२ अंशांतही बाहेरची कामं उरकायचो. आता पारा ३६वर असतानाच जीव कासावीस होतो. वय झालं म्हणायचं का?

उत्तर : वयाचा वाटा असेल, पण मला संशय दमटपणाचा येतो. नुसता घाम आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. कोरड्या हवेत ४२ अंशांतही घाम झरझर वाळतो. हवेत बाष्प दाटलं की तो नुसता निथळत राहतो. पाणी आणि क्षार जातात, उष्णता मात्र आतच राहते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजलेल्या तापमानाला वेट बल्ब तापमान म्हणतात. ते ३५ अंशांवर टिकलं तर सावलीत स्वस्थ बसलेला माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असं गणित २०१० साली मांडलं गेलं. पुढे धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत वेट बल्ब तापमान ३१ अंशांच्या आसपास असतानाच त्यांच्या शरीराचं तापमान चढू लागलं. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऱ्यासोबत आर्द्रतेचा आकडाही पाहायची सवय लावा. आणि छातीत धडधड किंवा चक्कर असेल तर तपासून घ्या; सगळं हवेवर ढकलू नका.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. उन्हाळ्यात ती बंद करू का?

उत्तर : स्वतःहून अजिबात नको. पण उन्हाळा सुरू होण्याआधी तिच्या डॉक्टरांना हाच प्रश्न जरूर विचारा, कारण शंका रास्त आहे. ही गोळी अंगातलं पाणी कमी करते आणि उतारवयात तहानही नीट लागत नाही. मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनी घामच कमी होतो, तीही यादीत असतील तर सांगा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती द्यायचं, तेही ठरवून घ्या.

मला दिवसापेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. दिवसभर ताणलेल्या हृदयाला रात्रीच्या गारव्यात विसावा मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी रात्री दिवसांपेक्षा वेगाने तापत आहेत. खोली ४० अंशांपुढे गेली तर पंख्याचा वारा अंग उलट तापवतो. आई असंबद्ध बोलू लागली, तोल जाऊ लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : पाऊस कमी झाला, तरी डेंग्यू वाढलाच. असं कसं?

उत्तर : पाणीटंचाईत लोक पाणी साठवतात आणि एडिस डासाला नेमकं तेच साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. शिवाय डासाने विषाणू घेतल्यावर तो दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. उबेत हा काळ आटतो. डासाचं आयुष्यच काही आठवड्यांचं, त्यामुळे वाचलेले दोन-तीन दिवसही साथ भडकवायला पुरतात. भांडी झाका, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

प्रश्न : थंडी कमी झाली तर थंडीने होणारे मृत्यूही घटतील. मग हिशेब बरोबरीत सुटत नाही का?

उत्तर : आज जगात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू जास्त आहेत, हे खरं. पण हिवाळा सौम्य झाल्याने जे वाचतील आणि उन्हाळ्यात जे दगावतील, ती माणसं वेगळी, बहुधा देशही वेगळे. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. थंडी अडवायला बांधलेल्या घरांत उष्णता कोंडून राहिली आणि गेलेल्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती.