पायात स्टीलची प्लेट असेल तर हाड जुळलं की नाही हे फोटोत नीट दिसतं का? टायटॅनियमची घातली असती तर बरं झालं असतं का?

दिसतं. फोटो कसा काढलाय त्यावर आहे सगळं. गोव्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून उभा जन्म काढलाय, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझ्या मेव्हण्याचंच सांगतो. पर्वरीच्या उतारावर भर पावसात त्याची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड गुडघ्याच्या वर तिरकं मोडलं. एका खाजगी हॉस्पिटलात बाहेरच्या अंगाने लांब स्टीलची प्लेट बसवली. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, दिवाळी झाली, पुढच्या वर्षीचा शिगमा आला तरी गडी काठी सोडेना. दर खेपेला दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने, आणि दर खेपेला तेच उत्तर: "छान आहे, चालायला लागा." सासरे म्हणायचे, पोरगा आळशी झालाय.

शेवटी तो फोटोंचं पाकीट घेऊन माझ्याकडे आला. दमट हवेने फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या. सोडवून उजेडावर धरल्या. बाजूच्या फोटोत प्लेट बरोबर हाडावर येते, तिच्या मागे काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही दिसायचं नाही. समोरून प्लेट कडेला जाते आणि हाड मोकळं दिसतं, पण मोड तिरकी असली की दोन्ही टोकं एकावर एक चढून दिसतात आणि फट झाकते. किरण फटीच्या रेषेतच गेले तर ती काळी उमटते. एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली: खालच्या एका स्क्रूभोवती बारीक काळी कड. स्क्रू सैल व्हायला लागला की अशी दिसते. आमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, त्याला टेबलावर निजवला, पाय आत वळवून वाळूची पिशवी टेकवली आणि एक तिरका फोटो काढला. मग बाहेर वळवून दुसरा. दुसऱ्यात फट लख्ख.

तो फोटो घेऊन त्या सर्जनकडे गेलो तर म्हणतात, "टेक्निशियनने बटण दाबावं, निदान आम्ही करतो." सासऱ्यांनी मान डोलावली! पुढे बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात सीटी झाला, हाड जुळलं नाही हे ठरलं, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत भरला आणि नवीन प्लेट घातली. तेव्हापासून सासऱ्यांचं पालुपद: स्वस्तातलं स्टील घातलं म्हणून दिसलं नाही.

साफ चूक. साध्या एक्स-रेत स्टील काय, टायटॅनियम काय, मागचं झाकायचं ते दोन्ही झाकतात. फरक पडतो तो सीटीत. लोखंडाचा अणुक्रमांक 26, टायटॅनियमचा 22. स्टील पाण्याच्या 8 पट जड, टायटॅनियमचा मिश्रधातू साडेचार पटही नाही. अणुक्रमांक मोठा आणि धातू जड असला की तो किरण जास्त गिळतो, म्हणून स्टीलभोवती काळे-पांढरे पट्टे जास्त. तरी मशीनच्या किरणांचा जोर वाढवून 140 केव्हीवर (किलोव्होल्ट) नेला आणि धातूचे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर वापरलं तर बऱ्यापैकी निभावतं. एमआरआयमध्ये प्लेट उपटून येईल ही भीती सोडा, इम्प्लांटचं 316 एल स्टील तसं ओढलं जात नाही. चित्र मात्र टायटॅनियमपेक्षा फार बिघडतं, आणि 3 टेस्लाच्या जोरदार चुंबकापेक्षा 1.5 टेस्लाच्या मशीनवर कमी बिघडतं. नुसतं हाड जुळलं का बघायचं तर एमआरआयच्या नादी लागूच नका, सीटी करा. किरणांना जवळजवळ न अडवणाऱ्या कार्बन फायबरच्या प्लेटाही निघाल्यात, पण त्या महाग, आणि हाडात गाठ (ट्यूमर) असलेल्या रुग्णांना जास्त उपयोगी.

तेव्हा आधी तिरके फोटो मागा. डॉक्टर "कशाला?" म्हणाले तर फोटो काढणाऱ्याला विचारा, तो रोज तेच बघतो.

मी डॉक्टर नाही हेही सांगून ठेवतो. प्लेट अगदी घट्ट दाबून बसवली असेल तर हाडाभोवती नवीन हाडाचा गोळा येतच नाही, तो दिसला नाही म्हणून घाबरू नका. आणि एमआरआय करायची वेळ आलीच तर ऑपरेशनच्या फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर सोबत न्या, पेसमेकर असेल तर आधी सांगा.

सासऱ्यांसाठी एवढंच: दुसऱ्यांदा घातलेली प्लेटही स्टीलचीच आहे, आणि तीवर हाड जुळलेलं त्यांनी स्वतः फोटोत पाहिलंय. तिरक्या फोटोत.