व्यवसाय घरचा, वेळ कुणाची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कर्वेनगरला घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिकोही करते. दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज होतात. सोसायटीतल्या बायका केव्हाही बेल वाजवतात, रात्री अकराला 'ताई, झाला का?' म्हणून मेसेज येतो. वेळ ठरवली तर गिऱ्हाईक तुटेल का?

उत्तर : गिऱ्हाईक तुटतं ते बहुतेकदा कबूल केलेली तारीख चुकली म्हणून. त्यामुळे आधी हिशेब करा. दिवसाला चार म्हणजे सहा दिवसांत २४. त्यातले चार उसवाउसवी आणि अर्जंटसाठी सोडा आणि आठवड्याला २० च घ्या. एकविसाव्या ब्लाउजला 'नाही' म्हणायची गरज नाही, पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. मनात धरलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस पुढची सांगा. वीज जाते, मशीनचा पट्टा तुटतो, अस्तर कमी पडतं.

आता बेल. माप आणि ट्रायल आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, समजा मंगळवार-शुक्रवार, ५ ते ७. दारावर तशी पाटी लावा. 'दुपारी १ ते ४ बंद'ची चेष्टा पुण्यात पुष्कळ झाली, पण ती पाटी वाचून मुकाट्याने चारनंतर येणारेही पुणेकरच. ज्यांना त्या वेळात जमत नाही, त्यांनी मापाचा ब्लाउज आणि कापड एका पिशवीत घालून, नावाची चिठ्ठी लावून दारातल्या हुकाला अडकवायचं. कुणी भलत्या वेळी आलंच तर दार अर्धवट उघडून 'काकू, शुक्रवारी पाचला या, निवांत बघू' एवढंच म्हणा. स्वयंपाक चाललाय, मुलाची परीक्षा आहे, असली कारणं सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर तोडगा येतो : 'मग मी बसते की पाच मिनिटं.'

पावतीपुस्तक हवंच. पावतीवर माप घेतल्याची, ट्रायलची आणि देण्याची अशा तीन तारखा, शिवाय निम्मी रक्कम आगाऊ. तुमच्या प्रतीला कापडाचा छोटा तुकडा स्टेपल करून ठेवा, म्हणजे 'माझा मोरपंखी कुठाय?' ही शोधाशोध थांबते. मागे छापून घ्या : दिल्यापासून सात दिवसांत एकदा दुरुस्ती मोफत, नंतर आकार पडेल. अर्जंट आठवड्याला दोनच, दीडपट दराने आणि पूर्ण पैसे आधी. अर्जंटला वेगळा दर नसला की सगळंच अर्जंट होतं.

मेसेजसाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. इथे बायका हमखास एक चूक करतात, धंद्यासाठी नवा नंबर घेतात. गिऱ्हाइकांकडे जुना असतो, ती त्यावरच लिहीत राहतात. जुना नंबर बिझनेस ॲपला द्या आणि घरच्यांसाठी दुसरं सिम घ्या. एकच नंबर दोन्ही ॲपवर चालत नाही, पण एका फोनमध्ये दोन नंबरांनी दोन्ही ॲप चालतात. यूपीआय जुन्याच नंबरवर राहतं, त्यामुळे पैशांचा घोळ होत नाही. मात्र नातेवाइकांचे ग्रुपही जुन्या नंबरासोबत येतात. नवा नंबर तिथे जोडून जुन्याने बाहेर पडा.

मग ॲपमध्ये कामाच्या वेळा भरा आणि अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, 'कामाच्या वेळेबाहेर' असा लावा. मजकूर साधा : 'नमस्कार. माप आणि ट्रायल मंगळवार, शुक्रवार ५ ते ७. मेसेजचं उत्तर सकाळी ११ नंतर. ब्लाउज तयार झाला की आम्हीच कळवू.' शेवटच्या वाक्याने 'झाला का?' निम्मे कमी होतात, अर्थात तुम्ही खरंच कळवलंत तर. फोनचं इंटरनेट बंद असलं की हा मेसेज जात नाही, म्हणून रात्री डेटा चालू ठेवून फोन सायलेंट करा. आणि हे सगळं करून एकदा रात्री सव्वाअकराला 'हो, झाला' लिहिलंत, की त्या बाईंसाठी तुमची वेळ सव्वाअकरा.

गौरी-गणपती आणि दिवाळीआधी उलटे दिवस मोजा. कामाचे २० दिवस असतील तर ८० ब्लाउज. ७० ला वही बंद. पंधरा दिवस आधीच स्टेटसला टाका.

प्रश्न : सासरची माणसं शिलाई देतच नाहीत, वर ओळखीच्यांना 'घरचंच आहे' म्हणून पाठवतात.

उत्तर : पावती सगळ्यांना, पूर्ण रकमेची. सवलत द्यायची तर खाली वेगळी ओळ लिहून वजा करा. किती सोडलं ते त्यांनाही दिसू दे, तुम्हालाही. सवलत नक्की कुणाला, ते आधी ठरवा : नणंद, जाऊ, बस. नणंदेच्या मैत्रिणीला नेहमीचा दर. फुकट शिवायचंच असेल तर लग्नामुंजीत आहेर म्हणून शिवा. आहेराची आठवण राहते, बुडालेली शिलाई फक्त तुमच्या लक्षात राहते. यजमानांनी परस्पर 'हो, शिवेल ती' म्हणायचं नाही, हेही घरात ठरू द्या.

प्रश्न : भोसरीत लेथवर जॉबवर्क करतो. कंपनीचे परचेसवाले रात्री दहाला, गुरुवारच्या सुट्टीलाही फोन करतात. बिलं तीन-तीन महिने अडकतात.

उत्तर : ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याचा दहाचा फोन टाळता येत नाही, म्हणून सुरुवात बिलापासून करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. नसेल तर आजच करा आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, पण ते शेवटचं हत्यार. आधी दर महिन्याला थकबाकीचं स्टेटमेंट मेलवर पाठवा, त्यात देय तारीख आणि किती दिवस उलटले ते लिहा.

फोनचं पुढच्या पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या वेळी मिटवा. कोटेशनखाली दोन ओळी पुरतात : 'ड्रॉइंगमधले बदल फक्त मेलवर. संपर्क सकाळी ९ ते संध्याकाळी ७, गुरुवारी बंद.' रात्री फोनवर सांगितलेला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सकाळी नाकारला जातो आणि रिजेक्शन तुमच्या माथी बसतं. फोन आलाच तर 'साहेब, मेल टाका, सकाळी पहिल्यांदा तुमचंच बघतो' म्हणा आणि खरंच सकाळी पहिल्यांदा तेच उघडा.