मशीनवर मोबाईल नको, हे बरोबर. पण दंड कुठल्या कायद्याने कापलात?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवण्याचा कारखाना आहे. ३४ कामगार आहेत. पंचिंग मशीनवरचा एक ऑपरेटर मोबाईल समोर टेकवून मॅच बघत होता, हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून गेटवर मोबाईल जमा करायचा आणि आत सापडला तर ५०० रुपये दंड, असा नियम केला. या ऑपरेटरला एकाच महिन्यात चारदा दंड झाला. चौथ्या वेळी सुपरवायझरने मोबाईल काढून घेतला. लॉक नव्हतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तर कामगारांच्या ग्रुपवर मला शिव्या. त्याचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत कामावर घ्या, मधला पगार द्या, कापलेला दंड परत करा. माझं नेमकं काय चुकलं? आणि शॉपमध्ये, म्हणजे मशीन चालतात त्या भागात, मोबाईलचं नेटवर्क अडवणारा जॅमर बसवला तर चालेल का?

उत्तर : आधी तुमची पक्की बाजू सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही माझ्यावर चिडणार आहात.

पुठ्ठा आत सरकवायचा आणि प्लेट मिटायच्या आत हात मागे घ्यायचा. एवढ्या वेळात ज्याची नजर स्क्रीनवर जाते, त्याची बोटं जातात. कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी १९४८च्या कारखाने अधिनियमापासून मालकावरच आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वागू नये, हे त्याच कायद्याने कामगारालाही बजावलं आहे. तेव्हा मशीनवर मोबाईल बंद, गेटवर जमा, या नियमाला सहसा कुणी हात लावणार नाही. मात्र तो लेखी हवा, मराठी आणि हिंदीत, नोटीस बोर्डावर, आणि वाचून दाखवल्याची प्रत्येकाची सही हवी. तुमच्या पत्रात नियम ‘केला’ एवढंच आहे. तोंडीच सांगितला असेल, तर आजच कागदावर आणा.

आता दंड. मालकाला वाटतं पगार आपण देतो, तर कापायचा अधिकारही आपलाच. तसं नाही. १९३६च्या वेतन कायद्यात जे होतं, तेच २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आहे. कोणत्या चुकीला दंड होईल, त्या यादीला आधी सरकारी मंजुरी लागते आणि ती यादी कारखान्यात लावावी लागते. दंड करण्यापूर्वी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि एका पगारातला एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. समजा त्याचा पगार १८,००० असेल, तर संपूर्ण महिन्याचा दंड जास्तीत जास्त ५४० रुपये. तुम्ही २,००० कापले. म्हणजे यादी मंजूर असती, तरी दुसऱ्याच दंडाला तुम्ही मर्यादा ओलांडली असती.

दंडाच्या पैशांचं काय केलंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अनेक कारखान्यांत मी पाहिलंय, ते शनिवारच्या वडापावात जातात आणि सगळे हसून खातात. कायद्याला त्याची रजिस्टरमध्ये नोंद लागते आणि तो पैसा कामगारांच्या मंजूर हिताच्या कामालाच लावता येतो. बेकायदा कपातीचा दावा झाला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लागू शकते. एकाने दावा केला की बाकीचेही आपापली पगाराची चिठ्ठी काढून बघणार, हेही लक्षात घ्या.

मोबाईल उघडणं ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. लॉक नव्हतं म्हणता. दार लोटलेलं होतं म्हणून कुणाच्या घरात शिरता येत नाही. जमा करून घेणं वेगळं, आत डोकावणं वेगळं. मालकाच्या परवानगीशिवाय, म्हणजे मोबाईलच्या मालकाच्या, त्यातली माहिती काढली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३खाली भरपाईचा दावा लागू शकतो. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ते फोटो आता कुणालाही पाठवू नका. आणि पुसूही नका. नोटीस आल्यावर पुसलेला पुरावा न ठेवलेल्यापेक्षा जास्त बोलतो. तसंही आपापसातल्या ग्रुपवर मालकाला घातलेल्या शिव्या म्हणजे नोकरी घालवण्याइतकं गैरवर्तन नाही. मारण्याची धमकी असती तर गोष्ट वेगळी होती.

काढून टाकणं तर टिकणारच नाही. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, खुलासा मागितला नाही. तुमच्याकडे ३४च माणसं आहेत, स्थायी आदेशांची, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीच्या मंजूर लेखी नियमांची, सक्ती तुम्हाला नाही. पण बाजू मांडू न देता काढलं, हे ठाण्याच्या कामगार न्यायालयात पहिल्याच तारखेला अंगाशी येतं. तिथे गैरवर्तन नव्याने सिद्ध करायची संधी मिळू शकते. ते सिद्ध झालं, तरी शिक्षा जास्त आहे म्हणून ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. शिवाय एकट्या कामगाराला दावा करायला युनियन लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा : अहंकार थोडा बाजूला ठेवून त्याला लेखी पत्राने कामावर बोलवा. मधला पगार आणि २,००० रुपये चेकने द्या. बाकी ज्यांचे दंड कापलेत, त्यांचेही परत करा, कोणी मागायच्या आधी. मशीनवर मोबाईल वापरल्याबद्दल त्याला स्वतंत्र लेखी ताकीद देता येईल, पण खुलासा मागून, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा त्यात एक शब्दही नको. नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या, १५ दिवस उलटायच्या आत. तुमचा राग उत्तरात उतरला की तो पुढे तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

जॅमर अजिबात नको. दूरसंचार विभागाने जुलै २०२२मध्येच स्पष्ट केलं आहे की खासगी व्यक्ती किंवा कंपनीला जॅमर विकत घेता किंवा वापरता येत नाही. ऑनलाईन मिळतो, हा बचाव नाही. सीसीटीव्ही शॉपमध्ये चालेल, फक्त कपडे बदलायच्या खोलीकडे तोंड नको.

नियम पुन्हा लावताना मोबाईलसाठी एक मोठा डबा ठेवू नका, प्रत्येकाला किल्लीचा छोटा कप्पा आणि बिल्ला द्या. डब्यातला मोबाईल गहाळ झाला तर भांडण तुमच्या दारात. गेटवर एक लँडलाईन ठेवा आणि तिचा नंबर प्रत्येकाच्या घरी कळवा. पोर शाळेत पडलं की बाई फोन करते, आणि ते ऐकायला कुणी नसेल तर मोबाईल लपवून आत नेणारा कामगार मला तरी समजतो.

आणि सुपरवायझरला सांगा, शिफ्ट चालू असताना ग्रुपवर ‘अर्जंट, ओव्हरटाईमला कोण थांबणार?’ असे मेसेज टाकणं बंद कर. असा एखादा मेसेज समोरच्या वकिलाच्या हाती लागला, तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल : मोबाईल गेटवर जमा होता ना, मग हा वाचायचा कुणी?