बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या मीटरचा एलसीडी पार पुसट झालाय. दुरुस्त होतो का, की नवाच मीटर घ्यावा?

होतो. "मीटरच बदला" असं ज्यानं सांगितलं, त्याला मीटर विकायचा असणार.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दुकान आहे. मोटारसायकलचे डिजिटल मीटर हे रोजचं काम. इथं बोटी म्हणजे रंकाळ्यावरच्या, नाहीतर महापुरातल्या. पण बायको मालवणची, मेव्हण्याची पर्यटकांची बोट, त्यामुळं या विषयावर मला गप्प बसवत नाही.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर बोट किनाऱ्यावर ओढून मेव्हणा फोंडा घाट चढून आला, मीटर टॉवेलात गुंडाळून. तिकडच्या मेकॅनिकनं "डिस्प्ले गेला" म्हणून हात वर केले होते. मी माझा पोलराइज्ड गॉगल त्याच्या डोळ्यावर चढवला, मीटरला बारा व्होल्ट दिले आणि मीटर हातात धरून हळूहळू फिरवला. एका कोनात आरपीएमचे आकडे असे ठळक उठले की गडी खुर्चीवरून उठला.

यात जादू काही नाही. एलसीडीची काच दोन पोलराइझर फिल्मांच्या, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश पुढं सोडणाऱ्या पातळ पापुद्र्यांच्या, मध्ये असते. उन्हानं पुढची फिल्म मेली की आकडे काचेत असतात, फक्त दिसत नाहीत. गॉगल त्या मेलेल्या फिल्मचं काम करतो. गॉगलनं काहीच फरक पडला नाही, तर मागची फिल्म बघा. सगळा डिस्प्ले ठीक आणि काही रेघाच गायब असतील तर फिल्मला हात लावू नका, तो झेब्रा पट्टीचा, म्हणजे काच आणि बोर्ड जोडणाऱ्या रबरी पट्टीचा दोष. काठावर बोटानं हलकं दाबून रेघा आल्या तर पट्टी आणि बोर्डावरचे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. काचेत शाई सांडल्यासारखा काळा डाग असेल तर मात्र काच गेली, विषय संपला.

आता माझी चूक सांगतो, कारण मेव्हणा ती अजून लग्नकार्यात सांगतो. जुनी फिल्म हेअर ड्रायरनं गरम करून सोलली, गोंद काढला, सगळं झकास. नवी फिल्म थोडीच उरली होती, म्हणून न बघताच कापली आणि चिकटवली. नव्वद अंशांनी फिरली! काळ्यावर पांढरे आकडे. रात्री बॅकलाइटवर नाद खुळा दिसायचे, म्हणून मीही तसंच दिलं. सीझन सुरू झाल्यावर भर दुपारी फोन, "भावोजी, माका काय दिसना नाय!" उन्हात काळी पाटी कशी दिसणार? दिवाळीत जाऊन पुन्हा बसवली. तुम्ही कापायच्या आधी फिल्म काचेवर नुसती धरून फिरवून बघा. बहुतेक वेळा ती पंचेचाळीस अंशांत, तिरकी कापावी लागते आणि मग तुकडा वाया जातो. जाऊ दे. दोन-तीनशेची फिल्म.

ती दुसरी फिल्म दोन वर्षांत परत फिकट झाली, तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. तो म्हणतो काम कच्चं. मी म्हणतो, कंपनीची फिल्म जिथं टिकली नाही तिथं माझी उघड्या उन्हात कशी टिकेल? मीटरवर कव्हर टाक, एवढंच सांगत होतो. "गिऱ्हाईक आलं की काढायचं, गेलं की घालायचं, कोण करील?" हे त्याचं उत्तर. पाच सेकंदांचं काम आहे हो. मीठ वायरी खातं, पण डिस्प्ले खातं ते ऊन.

हां, एक राहिलंच. बोटीचा मीटर सीलबंद असतो. बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडी, उचकटताना वाकला तर पाणी आत जाणार, आणि २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे इतके मीटर मी उघडलेत की आत शिरलेलं पाणी काय करतं हे मला सांगायला नको. परत बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांबं गंजवतं. न्यूट्रल मागा. मागच्या फिल्मला चंदेरी थर असतो, ती बदलायचं काम नवख्याचं नाही. आणि इंजिन तापल्याचा इशारा याच मीटरवर येत असेल, तर तो दुरुस्तीला काढून बोट पाण्यात नेऊ नका.

नव्या मीटरचा भाव तुमच्या इंजिनावर ठरणार, तो मी सांगू शकत नाही.

बायकोनं भावासाठी रेक्झिनचं कव्हर शिवून दिलंय, नाडीसकट. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा ते बोटीतच होतं, पेट्रोलच्या कॅनखाली अंथरलेलं.