वाचकांचे प्रश्न: आईच्या अल्झायमरवर सेलेनियमची गोळी द्यावी का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझी आई 74 वर्षांची आहे, शुगर आहे, आणि दिवाळीनंतर न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल हे औषध चालू आहे. फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की ऑस्ट्रेलियात सेलेनियमने मेंदूचा ऱ्हास थांबला म्हणून. चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याने लगेच 200 मायक्रोग्रामच्या गोळ्या आणि ब्राझील नट्स पाठवले. नट्स आईला आवडलेत, रोज सात-आठ खाते. गोळी पण सुरू करू का? (एक लेक, नाशिक)

उत्तर: ताई, गोळी नको, आणि नट्स आजपासूनच कमी करा. सेलेनियम म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज, आणि ते ब्राझील नट्समध्ये भरपूर असतं. का ते नीट सांगते, कारण मेसेज पूर्ण खोटा नाहीये.

मेंदूच्या पेशीत आत ज्या बारीक नळ्या असतात त्यांना टाऊ नावाचं प्रोटीन धरून ठेवतं, परांचीच्या बांबूंना सुंभ धरून ठेवतो ना तसं. अल्झायमरमध्ये या टाऊवर फॉस्फेट गरजेपेक्षा जास्त चिकटत जातं, मग ते नळ्यांवरून सुटतं आणि त्याचे गुंते होतात. हे जास्तीचं फॉस्फेट काढायचं काम पीपी2ए नावाचं एन्झाइम करतं, आणि सोडियम सेलेनेट या सेलेनियमच्या संयुगाने ते एन्झाइम जोरात चालतं, 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये हे दाखवलं. मग मेलबर्नला सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या 40 पेशंट्सवर 24 आठवड्यांची ट्रायल झाली, रिझल्ट 2016 ला आले. औषध बहुतेकांना झेपलं, एका खास एमआरआय स्कॅनमध्ये मोठा डोस घेणाऱ्यांचा बिघाड कमी दिसला. पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत काही ठोस फरक नव्हता. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य गाळलंय, आणि याचा मला फार राग येतो, कारण घरात पेशंट असला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

आता डोस बघा. ट्रायलमधला मोठा डोस दिवसाला 30 मिलिग्रॅम सोडियम सेलेनेट होता, म्हणजे हिशोबाने साडेबारा मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम, तुमच्या गोळीच्या साठपट वगैरे, आणि ते सुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाजारातल्या गोळीत बहुतेक सेलेनोमिथिओनीन नाहीतर सेलेनाइट अशी सेलेनियमची वेगळी रूपं असतात, सेलेनेट क्वचितच, त्यामुळे ट्रायलमधलं औषध आणि ही गोळी एकच समजू नका. घरी तो डोस गाठायचा प्रयत्न केला तर ते सरळ विष होईल.

आणि 200 मायक्रोग्रामची परीक्षा ऑलरेडी झालीये हो! अमेरिकेत साडेसात हजार वयस्कर पुरुषांना व्हिटॅमिन ई, सेलेनियम, दोन्ही किंवा नुसती डमी गोळी देऊन वर्षानुवर्षं बघितलं की डिमेन्शिया (स्मरणशक्ती जाण्याचा आजार, अल्झायमर त्यातलाच) टळतो का. 2017 मध्ये उत्तर आलं, नाही टळत. ते निरोगी पुरुष होते, तुमची आई पेशंट आहे, हा फरक मान्य, पण गोळीच्या बाजूने पुरावा म्हणावा असं तिथे काहीच मिळालं नाही. वर आईला शुगर आहे. 200 मायक्रोग्राम रोज घेणाऱ्यांत टाइप टू डायबेटिस जास्त आढळला असं 2007 मध्ये एका दुसऱ्या अमेरिकन ट्रायलमधून पुढे आलंय.

नट्सचं म्हणाल तर अमेरिकन सरकारी आकड्यांप्रमाणे सहा-आठ ब्राझील नट्समध्ये 544 मायक्रोग्राम सेलेनियम असतं, माती बदलली की आकडा बदलतो. मोठ्या माणसाची तिथली रोजची गरज 55 मायक्रोग्राम, वरची मर्यादा 400, युरोपात तर 2023 पासून 255 धरतात. म्हणजे आई आत्ताच मर्यादेच्या पुढे आहे, त्यात गोळी टाकली की सातशेच्या वर गेलीच.

जास्त झालं की काय होतं? केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो, पोट बिघडतं. बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत 2024 संपता संपता लोकांचे केस मुठीने हातात यायला लागले ते आठवत असेल, तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त सापडल्याचं डॉ. हिम्मतराव बावस्करांनी सांगितलं होतं. आईचा कंगवा आणि नखं आजच बघा, नखांवर पांढरे पट्टे दिसतायत का, केस एरवीपेक्षा जास्त येतायत का. असं काही असेल तर नट्स पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवा. नसेल तर आठवड्यातून एक-दोन नट चालतील, आवडतात तर तेवढं राहू दे.

बी12, थायरॉइड आणि ऐकू कसं येतं हे तपासलं नसेल तर तपासून घ्या, आणि शुगर-बीपीकडे लक्ष ठेवा. डोनेपेझिल स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, आम्हाला सेलेनियम कमी पडत असेल का? (पुणे)

उत्तर: गहू, डाळी, दूध रोजच्या जेवणात असेल तर सहसा काळजी नको. उगाच टेस्ट करत बसू नका.