मालवणच्या प्रवाळांवर पीएच.डी. करायची आहे, फेलोशिपमध्ये फील्डवर्कचा खर्च भागेल का?

तुमचं पोट भागेल, होडी भागणार नाही. सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, दरमहा ३७,००० रुपये, वर घरभाडं. पण आकस्मिक खर्चाला मिळतात वर्षाचे २०,०००. होडीचं भाडं, डिझेल, डायव्हिंगचे हवेचे सिलिंडर भरणं, सोबतीचा डायव्हर हे सगळं त्यात बसवायला गेलात तर मोसम अर्ध्यावर सोडावा लागेल. डायव्हरवर मात्र काटकसर करू नका, एकट्याने पाण्यात उतरायचंच नाही.

म्हणून फील्डवर्कचे पैसे वेगळे मागा. निसर्ग संवर्धनाला पैसे देणाऱ्या ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान नवख्यांनाही मिळतं, पण त्यांना संवर्धनाचा उपयोग दिसावा लागतो. नुसती प्रजातींची यादी करणार म्हणालात तर अर्ज मागे पडेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगच्या होड्या नांगर कुठे टाकतात, तिथली किती प्रवाळं मोडतात आणि त्याऐवजी होड्या बांधायला कायमचे बोये (तरंगते खुणेचे गोळे) कुठे बसवता येतील, हा प्रश्न घ्या. नांगराखाली फुटलेल्या प्रवाळाची पांढरीफटक कड मी पाण्यात जवळून पाहिली आहे. इथे याहून निकडीचा विषय मला दिसत नाही, आणि होडीवाल्यांनाही तो आपला वाटतो.

आंग्रिया बँकचा, म्हणजे भर समुद्रातल्या पाण्याखालच्या प्रवाळ-पठाराचा, मोह तूर्त आवरा. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत जायला जहाज लागतं, ते विद्यार्थ्याच्या बजेटचं काम नाही.

कॅमेऱ्यासाठी आयडिया वाइल्ड या अमेरिकी संस्थेकडे अर्ज करा, ते पैशांऐवजी उपकरणंच देतात. क्वाड्रॅट, म्हणजे तळावर ठेवून आतली प्रवाळं मोजायची चौकट, घरीच बनवा. पीव्हीसी पाइप, चार एल्बो, आत नायलॉनच्या दोरीची जाळी. पाइपला भोकं पाडा, नाहीतर हवा अडकून चौकट तळाला बसतच नाही.

प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत आणि मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वन विभागाच्या परवानगीचा अर्ज अनुदानाच्या अर्जाबरोबरच टाका. फोटोंवर काम भागत असेल तर नमुने तोडूच नका. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, तेव्हा पैसे दिवाळीपर्यंत हातात हवेत.

आणखी एक. बऱ्याच होडीवाल्यांकडे बिलबुक नसतं, आणि अकाउंट्सवाले बिलाशिवाय पैसे सोडत नाहीत. साध्या कागदावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून घेतलेली सहीची पावती चालेल, असं विद्यापीठाकडून पहिल्या फेरीआधीच लेखी घेऊन ठेवा.